तुर्भे शीतगृह क्लस्टर : प्रकल्प नोंदी, जानेवारी ते मार्च २०२५

सोमवार, ६ जानेवारी

तुर्भे एमआयडीसीतल्या शीतगृहाचं सर्व्हरचं काम आजपासून आपल्याकडे. जागेवर आहे ते असं: दोन सर्व्हर (एक बंद पडला तर दुसऱ्याने काम उचलायचं, म्हणून क्लस्टर), दोन कंट्रोलरचं एक आय-स्कझी स्टोरेज (नेटवर्कवरून दोघांना मिळणारी सामायिक डिस्क), त्यासाठीचे दोन वेगळे स्विच, सगळं एकाच रॅकमध्ये. त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस चालतो. आवक-जावकीचं खातं त्यात आहे आणि चेंबरांच्या सेन्सरांकडून येणारं तापमानही तिथेच साठतं. यातलं तापमान जास्त नाजूक. हापूस प्रमाणाबाहेर थंडीत राहिला तर सालीवर डाग पडतात आणि फळ नीट पिकत नाही. माल परत आला की व्यापारी पहिल्यांदा त्या दिवसांचा तापमानाचा उतारा मागतो. उतारा नसेल तर शीतगृहाची बाजू मांडायला काहीच उरत नाही.

डिसेंबरात नेमका हाच डेटाबेस करप्ट झाला. बॅकअपवरून उभा केला, पण मधल्या काही तासांच्या नोंदी कायमच्या गेल्या. आधीच्या पुरवठादाराचं निदान कागदावर आहे: ‘डिस्क खराब’. स्टोरेजचा लॉग सकाळपासून वाचतेय, त्यात डिस्कची एकही तक्रार नाही. पेसमेकरच्या, म्हणजे कोणतं काम कोणत्या सर्व्हरवर चालवायचं हे बघणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, सेटिंगमध्ये मात्र स्टोनिथ, म्हणजे फेन्सिंग (बिघडलेल्या सर्व्हरची वीज किंवा डिस्क तोडून त्याला बाहेर ठेवणं), बंद करून ठेवलेलं सापडलं. मग दोन्ही नोडांचे (म्हणजे सर्व्हरांचे) त्या रात्रीचे लॉग शेजारी-शेजारी लावले आणि सगळं समोर आलं.

हार्टबीट, म्हणजे दोन नोडांमधला ‘मी जिवंत आहे’ हा सततचा संदेश, ऑफिसच्या साध्या स्विचमधून जात होता. तो स्विच रात्री रीस्टार्ट झाला. टू-नोड सेटिंग असलं की एकटा उरलेला नोडही कोरम, म्हणजे काम चालू ठेवायला लागणारं बहुमत, धरून राहतो. त्यामुळे नोड १ ने काम चालूच ठेवलं, आणि नोड २ ने समोरचा गेला असं धरून स्टोरेजवरची तीच एक्सएफएस फाइलसिस्टिम माउंट केली (वापरायला जोडली) आणि स्वतःचा पोस्टग्रेस सुरू केला. एकाच खातेवहीवर दोन मुनीम, आणि दोघांनाही सांगितलेलं की दुसरा आज कामावर नाही. एक्सएफएस हे एका वेळी एकाच यंत्रासाठी बनवलेलं आहे. कुठला ब्लॉक मोकळा, कुठला भरलेला, हे ते आपल्या मेमरीत धरून चालतं. दुसऱ्या यंत्राने मधे काय लिहिलं ते त्याला कळायला मार्गच नाही. पोस्टग्रेसची पीआयडी फाइलही (तिच्यात चालू प्रोसेसचा नंबर असतो) इथे अडवत नाही, कारण त्या नंबरची प्रोसेस जिवंत आहे का हे तो फक्त स्वतःच्याच यंत्रावर बघतो.

स्टोनिथ बंद का केलं असेल हेही समजतं. फेन्सिंगचं काहीच ठरवलेलं नसेल तर पेसमेकर रिसोर्स, म्हणजे त्याच्याकडे सोपवलेली कामं, सुरू करायला नकार देतो. ते सेटिंग बंद केलं की लगेच सगळं हिरवं दिसतं. हा नकार देण्यामागे पेसमेकरचं कारण काय आहे, ते त्या डिसेंबरच्या रात्रीने दाखवलं.

गुरुवार, ९ जानेवारी

स्टोरेजच्या लॉगमध्ये आणखी एक खोड दिसत होती. आय-स्कझी सेशन (सर्व्हरची स्टोरेजशी जोडणी) मधूनच तुटतं, पुन्हा जोडलं जातं, आणि दोन्ही सर्व्हर चालू असतानाच. आज कारण सापडलं: दोन्ही सर्व्हरांचं इनिशिएटर नाव, म्हणजे स्टोरेजकडे ज्या नावाने ओळख सांगायची ते, एकच आहे. एका सर्व्हरची डिस्क-इमेज काढून दुसरा उभा केलाय, त्यामुळे ती ओळ जशीच्या तशी उतरली. आय-स्कझीच्या नियमानुसार त्याच नावाने आणि त्याच सेशन आयडीने नवं लॉगिन आलं तर स्टोरेजने ‘जुना ग्राहकच परत आला’ असं समजून आधीचं सेशन संपवायचं असतं. म्हणजे हे दोघे आलटून-पालटून एकमेकांना बाहेर काढत होते आणि स्टोरेज आपलं काम नियमाप्रमाणेच करत होतं.

हे नाव बदलणं दोन मिनिटांचं काम, पण ही गोष्ट नोंदवहीत ठळक हवी. अशा क्लस्टरमध्ये सभासदांच्या याद्या दोन असतात. एक कोरोसिंककडे (हार्टबीट आणि मतं सांभाळणारं सॉफ्टवेअर): कोण जिवंत आहे, कोणाचं मत धरायचं. दुसरी स्टोरेजकडे: कोणाला लिहू द्यायचं. डेटा वाचतो तो या दोन्ही याद्या एकमेकींशी जुळत असतील तरच. इथे पहिल्या यादीत दोन नावं होती आणि दुसरीत एक. एका नोडचा लिहिण्याचा हक्क काढून घ्यायचा म्हटलं असतं तरी स्टोरेजला या दोघांमध्ये फरक करता आला नसता.

दोन्ही सर्व्हरांना वेगळी नावं दिली, मशीन-आयडीही वेगळे केले. स्टोरेजवर त्या लनसाठी (स्टोरेजमधून दिलेल्या डिस्कच्या तुकड्यासाठी) फक्त या दोन नावांना परवानगी, चॅपचे (लॉगिनच्या पडताळणीचे) पासवर्ड वेगवेगळे.

बुधवार, १५ जानेवारी

हार्टबीटची दोन स्वतंत्र वाटांवर सोय केली. एक केबल थेट या सर्व्हरमधून त्या सर्व्हरमध्ये, मधे काहीच नाही. दुसरी वाट मॅनेजमेंटच्या स्विचमधून. कोरोसिंक ३ मध्ये असे आठ लिंकपर्यंत जोडता येतात. आपल्याला दोन पुरेत, पण ते एकाच डब्यातून जाणारे नकोत. स्टोरेजच्या स्विचवर हार्टबीट मुद्दाम ठेवला नाही, नाहीतर बॅकअपच्या वेळी डिस्कच्या वाहतुकीत त्याचा श्वास कोंडेल.

टोकनची मुदत, म्हणजे किती वेळ आवाज नाही आला की समोरचा गेला असं धरायचं ती, होती तशीच, ३००० मिलिसेकंद. ज्युनिअर विचारत होती, “ताई, एक सेकंद केली तर टेकओव्हर लवकर होईल ना?” होईल, पण सर्व्हर जरा कुठे अडखळला तरी त्याला मेलेला ठरवलं जाईल. तापमानाच्या नोंदी सेन्सरचं गेटवे काही काळ स्वतःजवळ धरून ठेवतं. आपल्याला दोन सेकंदांची घाई नाही.

मंगळवार, २१ जानेवारी

शीतगृहाच्या शेठनी आज थेट विचारलं. “मॅडम, पैसे दोन्ही सर्व्हरांचे मोजलेत. मग एक नुसता बसून का?”

प्रश्न रास्त आहे, उत्तरही तसंच द्यायला हवं होतं. दोन नोडांनी एकाच वेळी एकच फाइलसिस्टिम वापरायची तर जीएफएस२ सारखी सामायिक वापराची फाइलसिस्टिम लागते. त्यात प्रत्येक नोडचं स्वतंत्र जर्नल (बदलांची नोंदवही) असतं, आणि कुठल्याही फाइलला हात लावण्याआधी डीएलएमकडून, म्हणजे नोडांमधल्या कुलपांच्या व्यवस्थेकडून, कुलूप मिळवावं लागतं. एक नोड गेला की त्याला फेन्स करून त्याचं जर्नल दुसऱ्याने निस्तरेपर्यंत कुलपं अडकून राहतात. म्हणजे फेन्सिंगची गरज तिथे कमी होत नाही, वाढते. आणि एवढं करूनही इथे उपयोग शून्य, कारण एकाच डेटा डिरेक्टरीवर दोन पोस्टग्रेस चालवता येत नाहीत, खाली फाइलसिस्टिम कोणतीही असो.

शेठना म्हटलं, बसलेल्या सर्व्हरवर रिपोर्ट चालवू, त्यासाठी त्याच्या स्वतःच्या डिस्कवर रेप्लिका (डेटाबेसची चालती प्रत) ठेवू. पटलं त्यांना. चहा आला, विषय आंब्याच्या पेट्यांकडे वळला.

तर ठरलं: एक्सएफएस, एका वेळी एकाच नोडवर. खाली एलव्हीएमचा (डिस्कचे भाग सांभाळणाऱ्या लिनक्सच्या व्यवस्थेचा) सिस्टिम-आयडी. व्हॉल्यूम ग्रुपवर, म्हणजे डिस्कच्या गटावर, मालकाचं नाव लिहिलेलं असतं. दुसऱ्या नोडला तो परका दिसतो आणि तो त्याला हात लावत नाही. टेकओव्हरच्या वेळी पेसमेकरचा एजंट (त्याच्या वतीने काम करणारी स्क्रिप्ट) ते नाव बदलतो. बूट होताना आपोआप ॲक्टिव्हेट होणं बंद केलं. पण हे नाव बदलणं सुरक्षित कधी? जुना मालक खरोखर बाहेर गेल्याची खात्री पटल्यावरच. एलव्हीएम स्वतः ती खात्री करत नाही.

शुक्रवार, ३१ जानेवारी

आजचा प्रयोग सविस्तर लिहून ठेवते, कारण हाच या कामाचा गाभा आहे.

स्टोरेजवर एक छोटा वेगळा लन काढला. त्यावर एक्सएफएस, आणि दर सेकंदाला वेळ व नोडचं नाव लिहिणारी एक स्क्रिप्ट. फेन्सिंग अजून बंदच. नोड १ वर स्क्रिप्ट चालू असताना तिथल्या कोरोसिंकच्या प्रोसेसला स्टॉप सिग्नल दिला. मारली नाही, नुसती थिजवली. टोकनची मुदत संपल्यावर नोड २ ने नोड १ ला यादीतून काढलं. नोड २ च्या स्क्रीनवर नोड १ ऑफलाइन. आणि नोड १ च्या स्क्रीनवर स्क्रिप्ट सुरळीत चालू, दर सेकंदाला डिस्कवर नवी ओळ.

ज्युनिअर बराच वेळ दोन्ही स्क्रीनकडे बघत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे ऑफलाइन हे याचं मत आहे फक्त.” बरोबर. नोड १ कडून आवाज येत नाही, एवढंच नोड २ ला ठाऊक असतं. तो बंद पडला, थिजला, की केबल निघाली, हे त्याला बसल्या जागेवरून कळणं शक्य नाही, टोकनची मुदत कितीही वाढवली तरी. थिजलेला नोड सगळ्यात धोक्याचा, कारण तो परत येतो. कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) अर्धा मिनिट अडकलं आणि सुटलं, तर मधे रांगेत राहिलेलं लिखाण तो डिस्कवर ढकलतो. त्याच्या लेखी मधे काही घडलेलंच नसतं.

कोरमने हे सुटेल असं पुष्कळांना वाटतं. कोरम गेला की नोडने आपली कामं स्वतःहून थांबवायची हा नियम आहे खरा, पण तो पाळायला नोड शुद्धीवर असावा लागतो. कोणी पुढे काम करायचं ते कोरम ठरवतो. बाकीच्यांचे हात बांधायचं काम फेन्सिंगचं.

संध्याकाळी सर्व्हरच्या आयपीएमआयवरून (सर्व्हर दुरून चालू-बंद करणारं त्यातलं कार्ड) फेन्सिंग चालू केलं आणि तोच प्रयोग पुन्हा केला. यादीतून नोड १ गेला, नोड २ ने त्याची वीज तोडली, वीज तुटल्याचा होकार येईपर्यंत वाट पाहिली, आणि मगच लन स्वतःकडे घेतला. फाइलमधल्या शेवटच्या ओळी तपासल्या. दोन नोडांच्या ओळी कुठेही एकमेकींत मिसळलेल्या नाहीत.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आयपीएमआयची मोठी उणीव आज प्रत्यक्ष दाखवता आली. वायरमन काकांना नोड १ च्या दोन्ही पॉवर कॉर्ड काढायला सांगितल्या. सर्व्हर गेला, आणि त्याच विजेवर चालणारं आयपीएमआयचं कार्डही गेलं. नोड २ ‘तू बंद झालास का’ विचारत राहिला, उत्तर द्यायला कोणीच नाही. होकार नाही म्हणून टेकओव्हरही नाही. काका म्हणाले, “सर्व्हर तर समोर बंद दिसतोय, मग हा का थांबलाय?” काकांना दिसतंय, नोड २ ला दिसत नाही. त्याच्या जागेवरून कॉर्ड काढलेला सर्व्हर आणि केबल तुटलेला चालू सर्व्हर सारखेच. तो थांबला हे उत्तमच केलं.

म्हणून दुसरी पायरी स्टोरेजची: स्कझी-३ पर्सिस्टंट रिझर्व्हेशन. प्रत्येक नोड सुरू होताना स्टोरेजवर आपली किल्ली नोंदवतो. लनवर असं आरक्षण असतं की नोंद असलेल्यांनीच लिहायचं. बाकीच्यांना वाचायला मुभा, लिहायला नाही. फेन्स करायचं म्हणजे दुसऱ्याची किल्ली यादीतून काढून टाकायची. तो नोड चालू आहे की बंद, त्याचं नेटवर्क आहे की नाही, काही विचारावंच लागत नाही. निर्णय डिस्कच्या दारातच होतो. सभासदांच्या दोन याद्या इथे एक होतात. नऊ जानेवारीला इनिशिएटरची नावं वेगळी केली नसती तर हे जमलंच नसतं.

दोन बारकावे. प्रत्येक नोडला स्टोरेजकडे दोन वाटा आहेत, म्हणून मल्टिपाथवरून (दोन वाटा मिळून एकच डिस्क दाखवणारी सोय) किल्ली नोंदवणारा एजंट घेतला. पडलेली वाट परत आली की मल्टिपाथची सेवा तिच्यावर किल्ली पुन्हा नोंदवते. नाहीतर वाट आलेली दिसते, पण तिच्यावरून लिहिता येत नाही, आणि कारण शोधता-शोधता रात्र जाते. दुसरं, प्रत्येक नोडची किल्ली वेगळी असायला हवी. कॉन्फिगरेशनची फाइल इकडून तिकडे कॉपी करताना हीच ओळ विसरली जाते.

तपासलं: नोड १ थिजवला, आयपीएमआयची केबल काढून ठेवली. पहिली पायरी चुकली, दुसरी लागू झाली. नोड १ च्या लॉगमध्ये रिझर्व्हेशन कॉन्फ्लिक्ट (किल्ली नाही म्हणून लिहायला नकार), आणि एक्सएफएसने स्वतःला बंद करून घेतलं. सर्व्हर चालू, पण डेटाला त्याचा धोका उरला नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आज उलट बाजूचा प्रश्न घेतला. नोड १ चा हार्टबीट ठणठणीत, पण स्टोरेजच्या दोन्ही वाटा काढल्या. कोरोसिंकच्या लेखी तो उत्तम सभासद, आणि खाली पोस्टग्रेस गोठलेला. मल्टिपाथमध्ये ‘वाट नसेल तर रांगेत थांबा’ असं सेटिंग होतं, त्यामुळे कुणालाच एरर मिळत नव्हती. सगळे नुसते वाट बघत बसलेले. हे असं तासन् तास चालू शकतं.

रांगेत थांबणं बंद केलं. वाट नसेल तर एरर परत द्यायची. आय-स्कझीची तुटलेलं सेशन परत येण्याची वाट बघायची मुदत १२० सेकंद होती, ती ५ वर आणली. एक वाट गेली तर मल्टिपाथने लगेच दुसरी धरावी. फाइलसिस्टिमच्या मॉनिटरला (पेसमेकरच्या ठरावीक वेळाने होणाऱ्या तपासणीला) नुसतं ‘माउंट आहे का’ बघण्याऐवजी एक छोटी फाइल लिहून बघायला लावलं. आता दोन्ही वाटा काढल्या की मॉनिटर पडतो, पेसमेकर ती फाइलसिस्टिम बंद करायला जातो, बंद झाली तर ठीक, आणि अडकली तर नोड फेन्स होतो. दोन्ही प्रकार करून पाहिले.

गुरुवार, २० फेब्रुवारी

कोरमसाठीचं तिसरं मत आपल्या वागळे इस्टेटच्या ऑफिसात ठेवलं. क्यूडिव्हाइसचा, म्हणजे या बाहेरच्या मतदाराचा, सर्व्हर एका लहान यंत्रावर, ठाण्याहून तुर्भ्यापर्यंत व्हीपीएन, टीसीपी पोर्ट ५४०३. हार्टबीट एवढ्या लांबून चालवायची माझी तयारी नाही, पण या मतदाराला थोडा उशीर चालतो. आता एकूण मतं तीन, कोरम दोनचा. टू-नोड सेटिंग काढलं. ते आणि क्यूडिव्हाइस एकत्र चालत नाहीत. नोडांमधले दोन्ही लिंक तुटले तर ठाण्याचं मत एकाच बाजूला जातं, आणि ज्याच्याकडे कोरम नाही तो दुसऱ्याला फेन्स करू शकत नाही. दोघांनी एकाच क्षणी एकमेकांची वीज तोडण्याचा प्रश्न त्याने मिटतो.

शेठना एक गोष्ट आधीच सांगून ठेवली. इंटरनेट बंद असताना नोडांमधले दोन्ही लिंकही तुटले, तर दोघांकडे एकेकच मत उरतं आणि दोघेही थांबतात. “म्हणजे सगळंच बंद?” हो, बंद. डिसेंबरात बंद पडलं असतं तर चार तास कागदावर लिहून काढता आले असते. नोंदी गेल्या त्या चालू राहिल्यामुळे. यावर शेठ काही बोलले नाहीत, पण मंजुरीच्या कागदावर सही केली.

शनिवार, १ मार्च

पूर्ण वीज घालवून परत आणली. पहिल्या वेळी गंमत नाही, त्रास झाला: सर्व्हर स्टोरेजच्या आधी उठले. आय-स्कझी लॉगिन फसलं, किल्ली नोंदवता आली नाही, आणि पाठोपाठ सगळे रिसोर्स लाल. शिवाय जो नोड आधी उठला त्याने ठाण्याचं मत मिळवून कोरम धरला आणि अजून बूट होत असलेल्या दुसऱ्याला फेन्स केलं. पेसमेकर हे मुद्दाम करतो; सुरुवातीला जो दिसत नाही त्याची अवस्था माहीत नाही, म्हणून त्याला आधी सुरक्षित करायचं.

पीडीयूवर (रॅकमधल्या वीज वाटणाऱ्या पट्टीवर) क्रम लावला: आधी स्विच, मग स्टोरेज, ते पूर्ण उभं राहायला लागतो तेवढा वेळ सोडून दोन्ही सर्व्हर एकदम. दोघे बरोबरच उठले की एकमेकांना वेळेत दिसतात. ‘सगळे सभासद आल्याशिवाय सुरू होऊ नका’ हे सेटिंग लावायचा विचार केला आणि सोडून दिला. वीज परत येताना एक सर्व्हर मेला तर रात्रभर डेटाबेस बंद राहील, आणि रात्री इथे वॉचमन, कॉम्प्रेसरचा ऑपरेटर आणि रात्रपाळीचा सुपरवायझर एवढेच असतात. त्यापेक्षा एखादा जास्तीचा रीबूट परवडला.

गुरुवार, १३ मार्च

खरा डेटा नव्या रचनेवर. होळीमुळे दुपारनंतर गेटवर गाड्या नव्हत्या, तेवढ्यात उरकलं. दोन्ही दिशांना एकेक टेकओव्हर करून पाहिला. गेटवेने धरून ठेवलेलं तापमान मागाहून आलं, उताऱ्यात खंड नाही.

सोमवार, २४ मार्च

हँडओव्हर. बाजारात हापूसची आवक वाढायला लागली आहे, चेंबर भरत आलेत.

रॅकच्या दारावर मराठीत एक कागद लावला. त्यातल्या एका कलमावर मी आणि शेठ अर्धा तास बोललो. दोन्ही पायऱ्यांचं फेन्सिंग फसलं तर क्लस्टर थांबून राहील. तेव्हा ‘तो नोड बंद झाला आहे, मी खात्री देतो’ असं हाताने सांगायची एक आज्ञा आहे. ती दिली की पेसमेकर विश्वास ठेवतो आणि पुढे जातो, काहीही पडताळत नाही. म्हणजे एवढं सगळं बांधून झाल्यावर डिसेंबर पुन्हा घडवू शकणारी एकच गोष्ट शिल्लक राहते: घाईत असलेल्या माणसाने दिलेली ती आज्ञा. शेठना वाटत होतं ती रात्रपाळीच्या सुपरवायझरला द्यावी. मी ठाम नाही म्हटलं. शेवटी असं ठरलं: आज्ञा आमच्या ऑफिसातूनच दिली जाईल. त्याआधी सुपरवायझरने त्या सर्व्हरच्या मागच्या दोन्ही पॉवर कॉर्ड स्वतः काढायच्या, काढलेल्या टोकांचा फोटो पाठवायचा आणि फोनवर थांबायचं. कोणता सर्व्हर ते चुकू नये म्हणून दोन्हींच्या कॉर्डना पुढून-मागून रंगीत पट्ट्या लावल्या: नोड १ पिवळी, नोड २ निळी. सुपरवायझरकडून आज एकदा करून घेतलं. निळी म्हटल्यावर त्यांनी निळीच काढली.

बाकी राहिलेलं: स्टोरेज एकच आहे, दोन कंट्रोलर असले तरी डबा एक. तो गेला तर रेप्लिका आणि बॅकअप एवढाच आधार. दुसऱ्या स्टोरेजचं कोटेशन शेठनी हंगाम संपल्यावर, जूनमध्ये मागितलं आहे. त्याआधी मेमध्ये एकदा बॅकअपवरून पूर्ण रिस्टोअर करून बघायचं आहे, तारीख ज्युनिअर ठरवेल.